सुईला हात सगळ्यात शेवटी

नायट्रो हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांमध्ये एक सवय सर्रास दिसते. इंजिनाने जरा कुरकुर केली की हात थेट कार्ब्युरेटरच्या सुईकडे जातो. ही सवय महागात पडते, हे मी माझ्या पन्नास साइजच्या मशीनवर पाहिलं. नव्याने या छंदात येणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पुण्याबाहेरच्या माळावर आम्ही उडवतो. टाकी भरलेली असली की माझं हेलिकॉप्टर छान हॉवर करायचं. धूर भरपूर, आवाज भरीव. टाकी अर्ध्यावर आली की आवाज चिरका व्हायचा, धूर विरळ व्हायचा आणि रोटरचा जोर कमी पडायचा. ही सगळी इंजिन लीन झाल्याची, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त झाल्याची लक्षणं. मैदानावरच्या जाणकारांच्या सल्ल्याने सुई थोडी उघडली. मग भरल्या टाकीवर इंजिन रिच होऊन अडखळू लागलं आणि अर्ध्या टाकीवर पुन्हा तेच रडगाणं. एकदा वळण घेताना ते हवेतच बंद पडलं. लगेच थ्रॉटल होल्डचा स्विच ओढला, पात्यांचा कोन किंचित उणे केला. खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत राहिला आणि जमिनीलगत कोन वाढवून मशीन खाली टेकवता आलं. पुरेशी उंची होती म्हणून ते साधलं. डोक्याएवढ्या उंचीवर हे घडलं असतं, तर एवढा अवधी मिळाला नसता.

टाकी उघडल्यावर खरं कारण सापडलं. इंधन ओढणारा वजनदार क्लंक एका मऊ सिलिकॉन नळीला लटकलेला असतो. ती नळी वरच्या बाजूला पितळी नळीवर बसते. नेमकी तिथे केसाएवढी चीर पडली होती. नळी सरळ धरली तर चीर दिसत नव्हती, बोटांत वाकवली की उघडत होती. टाकी भरलेली असताना ती इंधनात बुडालेली असे. पातळी खाली गेली की चीर उघडी पडे आणि इंजिन इंधनासोबत हवा ओढू लागे. बोटभर नळी बदलली, सुई जुन्या खुणेवर आणली आणि दुखणं संपलं.

तेव्हापासून मी तपासणीचा क्रम ठरवून घेतला आहे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो.

सुरुवात इंधनापासून. त्यात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे पावसाळ्यात सैल झाकणाच्या डब्यात राहिलेलं इंधन वापरू नका. शंका आली तर सीलबंद डबा फोडून फरक पडतो का ते बघा.

मग ग्लो प्लग. तो बाहेर काढून दीड व्होल्टच्या इग्नायटरवर लावा. तार सगळीकडे सारखी, झळझळीत नारिंगी तापली पाहिजे. तारेवर धातूचे बारीक कण चिकटलेले दिसले, तर बेअरिंग किंवा पिस्टन झिजल्याची शक्यता असते. तेव्हा नुसता प्लग बदलून भागत नाही, इंजिन उघडावं लागतं. इग्नायटर काढताच इंजिन बंद पडत असेल, तर प्लग कमजोर आहे किंवा आयडलचं मिश्रण जास्त रिच आहे.

तिसरी पायरी टाकी आणि नळ्या. सायलेन्सरकडून टाकीत दाब आणणारी नळी निखळलेली किंवा चेपलेली नाही ना, हे पहा. टाकी रिकामी करून एक सोडून सगळी तोंडं बंद करा, पाण्यात बुडवा आणि उरलेल्या नळीतून सिरिंजने हवा भरा. बुडबुडे आले तर गळती आहे. तोंडाने फुंकू नका, मिथेनॉल विषारी आहे. आतली क्लंकची नळी या चाचणीत कळत नाही, म्हणून ती काढून वाकवूनच पाहायची. उडवताना बाहेरच्या नळीत बुडबुडे दिसत असतील, तर कंपनाने इंधन फेसाळत असेल. टाकीखालचं रबर आणि पात्यांचा तोल तपासा.

चौथी पायरी हवेच्या इतर वाटा. कार्ब्युरेटरच्या बुडाचं सील, मागचं झाकण आणि पुढचं बेअरिंग. पुढचं बेअरिंग गेलं की आयडल कधी चढतो, कधी उतरतो, आणि सुई कितीही फिरवली तरी तो स्थिर होत नाही.

एवढं सगळं नीट असेल तरच सुईकडे वळा. आधी गव्हर्नर बंद करा. इंजिन दमत असलं तरी थ्रॉटल उघडून तो वेग टिकवतो आणि दोष झाकला जातो. मुख्य सुई रिच बाजूने सुरू करून एक-दोन क्लिकनेच बंद करत जा, मग आयडलची सुई. प्रत्येक उड्डाणानंतर, रोटर पूर्ण थांबल्यावर, क्रॅंककेसच्या मागच्या झाकणावर बोट ठेवा. दोन-तीन सेकंदही ठेवता येत नसेल, तर मिश्रण लीन आहे. हवामानाचाही विचार करा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे, इथली हवा मुंबईपेक्षा विरळ. म्हणून मुंबईत जुळवलेलं इंजिन इथे थोडं रिच वाटतं आणि इथून मुंबईला नेलेलं लीन होऊ शकतं. मे महिन्यातली सुई डिसेंबरच्या थंड, दाट हवेतही लीन पडते.

सुरक्षिततेत तडजोड नको. स्टार्ट करताना रोटरचं डोकं घट्ट धरा आणि थ्रॉटल आयडलवर आहे याची खात्री करा, नाहीतर क्लच पकडताच पाती फिरतील. स्टार्टर अडला तर जोर लावू नका; सिलेंडरमध्ये इंधन साचलेलं असतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इग्नायटर दूर ठेवून प्लग काढा, चेहरा बाजूला घ्या आणि इंधन बाहेर फेकून द्या. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळपास दिसत नाही, म्हणून अग्निशामक हाताशी हवाच.

दिवस संपला की नळीतलं इंधन जाळून टाका आणि इंजिनात आफ्टर-रन तेल सोडा. बेअरिंगवर गंज चढू नये यासाठी दमट हवेत याला पर्याय नाही.

तारीख, हवामान, प्लग आणि सुईची जागा वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या बिघाडाच्या वेळी तुलना करायला आधार मिळतो. आणि कारण सापडलं नसताना ‘एकदा उडवून बघू’ असं कोणी म्हणालं, तर स्पष्ट नकार द्या. पात्यांच्या आसपास माणसं उभी असतात.