'सायकोमेनिया' : बंड आणि रितेपण

भयपटाकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याची सवय आपल्याला फारशी नाही. डॉन शार्प यांनी दिग्दर्शित केलेला 'सायकोमेनिया' (१९७३) हा ब्रिटिश चित्रपट तर अनेकांच्या लेखी निव्वळ हसण्याचा विषय. बेडकाची उपासना काय, थडग्यातून मोटारसायकलसह उसळून बाहेर येणारा नायक काय! तरीही आपण तरुणांनी विचार करावा असे त्यात काही आहे, असे मला वाटते.

कथानक थोडक्यात असे : टॉम लॅथम हा श्रीमंत घरचा तरुण 'द लिव्हिंग डेड' या मोटारसायकलस्वार टोळीचा म्होरक्या. त्याची आई मृतात्म्यांना बोलावणारी. आपण परत येणारच, अशी तिळमात्रही शंका नसलेली श्रद्धा मनात ठेवून जो मरतो तो परततो, हे रहस्य त्याला घरीच उमगते. तो पुलावरून खाली झेपावतो. उभ्या शिळांच्या वर्तुळात सोबती त्याला मोटारसायकलवर बसवूनच पुरतात. तो परततो, आणि मग सोबतीही एकामागून एक त्याच वाटेने जातात. त्याची मैत्रीण अ‍ॅबी मात्र जगणेच पत्करते.

आता प्रश्न असा, की मृत्यूला जिंकून हे तरुण करतात काय? बाजारात धुडगूस घालतात, लोकांना चिरडतात. पण हे तर ते आधीही करीत होते! अमरत्व मिळाले, तरी त्याचे करायचे काय हे त्यांना ठाऊक नाही. माझ्या मते चित्रपटातील खरे भय हेच आहे.

पटकथाकार आर्नो द्युसो आणि ज्युलियन झिमेट हे दोघेही हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेलेले लेखक. मतांसाठी किंमत मोजलेल्या या लेखकांना पोकळ बंड बरोबर ओळखता आले असावे, असा माझा तर्क आहे.

शेवटी आई आपला करार मोडते आणि सारी टोळी शिळा होऊन उभी राहते. ही कल्पना इंग्लंडच्या लोककथांतलीच आहे. रविवारी नाचल्यामुळे मुलींच्या शिळा झाल्या, अशी कथा कॉर्नवॉलमधील 'मेरी मेडन्स' या शिळावर्तुळाविषयी सांगतात. आपल्या अहल्येच्या शिळेला निदान उद्धाराची वाट होती. या तरुणांना तीही नाही.

बंडखोरी हा तारुण्याचा धर्मच आहे. परंतु कशाविरुद्ध आणि कशासाठी, हे दोन प्रश्न तिने टाळले की ती कितीही वेगाने धावो, तिचा दगडच होतो.