मातीच्या बांधाचा संगणकीय आराखडा आणि वाळवीची बिळे

शेततळ्याचा मातीचा बांध बाहेरून भक्कम दिसत असला, तरी त्याच्या पोटात वाळवीने पोकळ्या केलेल्या असू शकतात. तळे काठोकाठ भरल्यावर अशा बांधाच्या कोरड्या उतारावर ओल उमटते. पाझरणारे पाणी स्वच्छ असेल तर तपासणीस वेळ मिळतो. गढूळ पाणी येऊ लागल्यास आतील माती वाहून जात असते आणि हाती थोडाच अवधी उरतो.

अशा बांधाची तपासणी अभियंते आता फायनाइट एलिमेंट, म्हणजेच सांत घटक पद्धतीच्या संगणक प्रणालीने करतात. या प्रणाली आणि मातीचे बांध यांचा संबंध जुना आहे. प्लॅक्सिस ही प्रसिद्ध प्रणाली १९८७ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविज्ञान विद्यापीठात विकसित होऊ लागली, ती मऊ जमिनीवरील नदीकाठच्या बांधांच्या अभ्यासासाठीच. मात्र प्रणाली कोणतीही असो, जे आखले जाते त्याचेच गणित ती करते. आखणीसाठी लागणारी मापे क्षेत्रावरून येतात. म्हणून विस्तार कार्यकर्ते व प्रगतिशील शेतकरी यांनी ही आखणी समजून घेणे आवश्यक आहे.

वाळवी बांधात कोठे राहते?

बुरशीची शेती करणाऱ्या ओडोंटोटर्मिस प्रजातीच्या वाळव्या भारतात सर्वत्र आढळतात. याच प्रजातीतील ओडोंटोटर्मिस फॉर्मोसॅनस ही वाळवी चीनमध्ये बांध व धरणांची प्रमुख कीड मानली जाते. राणीची कोठडी, बुरशीच्या बागांच्या पोकळ्या आणि त्यांना जोडणारी बिळे अशी वारुळाची रचना असते. वाळवीला ओलावा हवा असतो, परंतु पाण्याने भरलेल्या मातीत ती वस्ती करत नाही. त्यामुळे बांधातील मुख्य वस्ती बहुधा पाझररेषेच्या वर, कोरड्या भागात असते. तळे अर्धे भरलेले असताना ही बिळे निरुपद्रवी वाटतात. पाणी पूर्ण पातळीस चढले की तीच पाण्याच्या वाटा ठरतात.

छेदाची आखणी

उदाहरणादाखल ३ मीटर उंच, माथ्यावर २ मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंस १:२ उतार असलेला, प्लास्टिकचे अस्तर नसलेला बांध घेऊ. पायथ्याशी त्याची रुंदी २ + ६ + ६ = १४ मीटर होते. पाण्याकडील पायथा (०, ०) धरल्यास उरलेले कोपरे (६, ३), (८, ३) आणि (१४, ०) येथे येतात. पाण्याची कमाल खोली २.४ मीटर असल्यास पाण्याची रेषा उतारास (४.८, २.४) या बिंदूत भेटते. हा बिंदूही आखणीत घ्यावा, कारण पाण्याचा दाब तेथून खाली लावायचा असतो.

बांधाखालील जमीन आखल्याशिवाय आराखडा पूर्ण होत नाही. सीमा बांधाच्या फार जवळ घेतल्यास त्यांचा प्रभाव उत्तरात उतरतो. या उदाहरणात दोन्ही बाजूंस उंचीच्या तिप्पट, म्हणजे ९ मीटर, आणि खाली दुप्पट, म्हणजे ६ मीटर जमीन घेतली, तर आराखडा ३२ मीटर रुंद होतो. सीमा आणखी दूर नेऊन उत्तर बदलत नाही, हे एकदा तपासावे. वर काळी माती व खाली मुरूम असल्यास दोन्ही थर वेगळे आखावेत; त्यांची पारगम्यता भिन्न असते.

तळाची सीमा दोन्ही दिशांना स्थिर धरतात. बाजूच्या सीमांना केवळ खाली-वर हालचालीची मुभा देतात. पाण्याकडील उतारावर व तळ्याच्या तळावर पाण्याची पातळी देतात. कोरडा उतार पाझर बाहेर पडण्यासाठी खुला ठेवतात.

बीळ कसे दाखवावे?

खरी अडचण येथे येते. द्विमितीय आराखडा कागदाला लंब दिशेने बांध अखंड एकसारखाच आहे असे मानतो. यास प्लेन स्ट्रेन गृहीतक म्हणतात. लांब बांधासाठी ते योग्य आहे, बिळासाठी नेहमीच नाही.

पाण्याकडून कोरड्या उताराकडे जाणारे ३ सेंटिमीटर व्यासाचे बीळ छेदात पट्टीसारखे आखले, तर संगणकाच्या दृष्टीने ते बीळ राहत नाही. बांधाच्या संपूर्ण लांबीभर पसरलेली ३ सेंटिमीटर जाडीची फट होते. बांधाच्या एक मीटर लांबीत या फटीचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर भरते, तर प्रत्यक्ष बिळाचे सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाण्याची वाट सुमारे ४२ पट मोठी दाखवली जाते आणि बरा बांधही पाडण्यायोग्य ठरू शकतो. उलट बीळ वगळले, तर धोक्यातील बांध सुरक्षित ठरतो. बांधाच्या लांबीला समांतर जाणारे बीळ मात्र द्विमितीय छेदात वर्तुळ म्हणून बऱ्याच अंशी योग्य दाखवता येते. म्हणून बिळाची दिशा नोंदवणे महत्त्वाचे आहे.

आडव्या बिळासाठी त्रिमितीय आराखडा सर्वांत योग्य. तो शक्य नसल्यास वस्तीचा भाग छेदात वेगळा आखून त्याची पारगम्यता मूळ मातीच्या १० पट, १०० पट अशी वाढवून पाहावी आणि उत्तर किती बदलते ते तपासावे. बिनबिळाचा बांध व अखंड फट या दोन टोकांच्या स्थितीही मोजाव्यात. सत्य त्यांच्या दरम्यान असते.

वस्तीचे स्थानही निर्णायक असते. वरील बांधात जमिनीपासून २ मीटर उंचीवर रुंदी ६ मीटरच आहे. तेथे २ मीटर लांबीचे आडवे बीळ असल्यास पाण्याला अडवणारी सलग माती ४ मीटर उरते.

जाळी आणि टप्पे

आराखडा पूर्ण झाल्यावर प्रणाली त्याचे लहान त्रिकोणी घटकांच्या जाळीत विभाजन करते. वस्तीभोवती व कोरड्या पायथ्याशी जाळी बारीक, दूर विरळ ठेवावी. एकाच कोपऱ्यासाठी (६.००, ३) व (६.०१, ३) असे दोन बिंदू चुकून पडले, तर तेथे सुईसारखे निमुळते घटक तयार होऊन गणित बिघडते. वस्तीचा भाग जाळी करण्यापूर्वीच आखून ठेवावा. मग पहिल्या टप्प्यात अर्धे तळे, दुसऱ्यात पूर्ण भरलेले तळे आणि तिसऱ्यात वेगाने उपसलेले तळे, असे टप्पे एकाच आराखड्यावर तपासता येतात.

कोरड्या पायथ्याशी पाणी वर येताना त्याचा जलीय उतार पाहावा. मातीच्या कणांचे विशिष्ट गुरुत्व २.६५ व पोकळी गुणोत्तर ०.६५ असल्यास धोक्याची मर्यादा (२.६५ − १) ÷ (१ + ०.६५) = १ येते. प्रत्यक्षात तो याहून बराच कमी असावा लागतो.

क्षेत्रावर घ्यावयाच्या नोंदी

१. माथ्याची रुंदी, उंची व दोन्ही उतार किमान तीन ठिकाणी मोजावेत. वारुळाच्या जागी स्वतंत्र मापे घ्यावीत.

२. वारूळ, मातीचे लेप व बिळांची तोंडे यांचे बांधाच्या एका टोकापासूनचे अंतर आणि जमिनीपासूनची उंची लिहावी. पहिल्या पावसानंतर पंखांची वाळवी ज्या छिद्रांतून उडते, तेथे लगेच खुंटी ठोकावी.

३. बारीक सळई हलक्या हाताने घालून बिळाची खोली व दिशा पाहावी. तळे भरलेले असताना हे करू नये.

४. पाण्याची नेहमीची व कमाल पातळी नोंदवावी.

५. जवळच्या विहिरीत किंवा खड्ड्यात दिसणारे मातीचे थर व त्यांची जाडी लिहावी.

६. ओल कोठे व कोणत्या तारखेस दिसली, पाणी स्वच्छ होते की गढूळ, हे नोंदवावे.

सर्वसाधारण पाझर विश्लेषणात माती कणाकणाने वाहून जाण्याची क्रिया धरलेली नसते आणि मोकळ्या बिळातील प्रवाहास मातीतील पाझराचा नियमही लागू पडत नाही. त्यामुळे उत्तर सुरक्षित आले तरी वारूळ तसेच ठेवू नये. पाणी कमी असताना वस्ती खोदून काढावी, पोकळी ओलसर चिकणमातीने थराथराने ठोकून भरावी. तळ्यातील पाणी जनावरे व मासे यांच्या वापराचे असल्याने तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय तेथे कीटकनाशक ओतू नये. पावसाळ्यापूर्वी टेप व वही घेऊन बांधावर मारलेली एक फेरी, हीच या संगणकीय आराखड्याची पहिली पायरी होय.