देवाशिवायही दारू सुटते

"गटात गेलो तर देवाला शरण जा म्हणतात, विहारात गेलो तर प्रतिज्ञा मोडली म्हणून तोंड फिरवतात. मग जायचं कुठं?" दारू सोडू पाहणाऱ्या बांधवांकडून हा प्रश्न आम्ही वस्तीत वारंवार ऐकतो. या वेळचे आरोग्य पान त्याच प्रश्नासाठी आहे.

गट म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, लोकांच्या तोंडी 'एए'. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन दारूडे एकमेकांना सावरू लागले, त्यातून तो उभा राहिला. त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी निम्म्या पायऱ्यांत ईश्वर किंवा आपल्याहून मोठी शक्ती येते. ईश्वर ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावा, असे ते सांगतात. तरी १९५६ च्या दीक्षेपासून ज्या घराने देव सोडला, त्या घरातला माणूस इथे अडखळतो.

म्हणून एएला नावे ठेवायचे कारण नाही. तिथे फी नाही, नाव-गाव सांगावे लागत नाही. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासले. दारू पूर्ण बंद ठेवण्यात बारा पायऱ्यांकडे वळवणारे उपचार इतर उपचारांच्या तोडीचे, बऱ्याचदा सरसच ठरले. ज्याला तो गट मानवतो त्याने जरूर जावे. पण आमच्या मते तिथे माणसाला धरून ठेवतात त्या गोष्टी साध्या आहेत: ठरलेल्या वारी तीच माणसे भेटतात, रात्री तलफ आली तर फोन करता येतो, खोटे बोलावे लागत नाही. यातल्या कशालाच देव लागत नाही.

आता सर्वांत आधी सांगायचे ते. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, नसलेली माणसे बघतो. घरचे म्हणतात बाहेरचे लागले, आणि अंगारे-धुपारे सुरू होतात. तो दारू तुटल्याचा आजार असतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाला सरळ सरकारी रुग्णालयात न्या आणि किती प्यायचा ते डॉक्टरांना खरे सांगा. तिथे झटके थांबवणारी औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देतात.

दुसरी गोष्ट आया-बहिणींसाठी. "जेवणात कळू न देता घाला, दारू सुटेल" अशी पुडी बाजारात मिळते. तिच्यात काय असते ते कळत नाही. काहींत डायसल्फिराम असू शकते. हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर तोंड लाल होते, उलट्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. तेच औषध माणसाने जाणूनबुजून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, बायकोच्या हातून रोज घेतले तर उपयोगी पडते. चोरून दिले तर विष होऊ शकते. नवऱ्याच्या दारूने गांजलेली बाई पुडीपर्यंत का पोचते हे आम्हाला समजते, तरीही नको. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधेही आहेत. ती यकृत, मूत्रपिंड तपासून मनोविकार विभागात देतात.

औषधाने शरीर सावरते, पण संध्याकाळी सहा वाजता कामावरून येताना गुत्त्यासमोरून पाय पुढे कसा टाकायचा, हे शिकावे लागते. ते शिकवायला मोठा डॉक्टरच लागतो असे नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, तो २०१७ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकी केल्या. पिण्याने काय जाते ते मोजायचे, कोणत्या वेळी, कोणाबरोबर पितो ते लिहायचे, नाही म्हणायचा सराव करायचा. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा या गटात शंभरातले ४२ जण आधीच्या चौदा दिवसांत दारूपासून दूर होते, नेहमीचाच उपचार मिळालेल्यांत १८. मात्र दारूवाचून हातपाय कापतात, अशा अवस्थेला पोचलेले लोक यात नव्हते.

अमेरिकेत १९९४ पासून चालणारे 'स्मार्ट रिकव्हरी'चे गट हेच काम देवाचे नाव न घेता करतात. त्यांची एक वही आपण आजच करू शकतो. पानाचे चार भाग पाडा: पिण्याचे फायदे, पिण्याचे तोटे, सोडण्याचे फायदे, सोडण्याचे तोटे. पिण्याचे फायदेही प्रामाणिकपणे लिहायचे. गटाराच्या, सफाईच्या कामातला माणूस "वास सहन होत नाही म्हणून पितो" असे लिहील, तर त्यावर वेगळा विचार करावा लागेल, आणि तो एकट्या त्याने करायचा नाही.

आपल्याला आणखी जवळचे म्हणजे २०१९ साली तिथेच सुरू झालेले 'रिकव्हरी धर्म'. चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग यांवर उभे असलेले हे गट व्यसनाकडे तृष्णा म्हणून पाहतात. तलफ उठते, वाढते, ओसरते. तिच्याकडे बघत बसायचे, तिच्या मागे जायचे नाही. मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी सिअॅटलच्या तुरुंगात विपश्यना केलेल्या कैद्यांचा अभ्यास केला, तेव्हा सुटल्यावर त्यांचे पिणे इतरांपेक्षा कमी आढळले. ते कैदी स्वतःहून शिबिराला बसले होते, हे मात्र लक्षात ठेवावे. ताजी दारू सोडलेल्याला थेट दहा दिवसांच्या शिबिराला पाठवू नका. आधी उपचार, मग डॉक्टरांना विचारून शिबिर.

मग आपल्या विहारात काय करता येईल? रविवारच्या वंदनेनंतर तासभर दार उघडे ठेवा. दारू सोडलेला एखादा बांधव आणि आशाताई एवढे सुरुवातीला पुरेत. बोललेले बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. पाचवे शील घेतलेला माणूस पुन्हा प्यायला तर त्याला पंचांसमोर उभे करू नका. बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिल्याने त्याचे हात थरथरायचे थांबत नाहीत. कधी, कुठे, कशामुळे प्यायला एवढेच विचारा आणि पुढच्या रविवारी बोलवा. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, जयंतीची मिरवणूक या वेळा आधीच वहीत लिहून त्या दिवशी सोबत कोण राहील ते ठरवा. बायकांची बैठक वेगळ्या वेळी घ्या. नवरा सोबत असला की त्या बोलत नाहीत.

जवळ केंद्र कुठे आहे ते कळायला व्यसनमुक्तीची १४४४६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. मनात मरायचे विचार येत असतील, झोप नसेल, तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो, आणि तिथे मराठीत बोलता येते. फिट आली, शुद्ध हरपली तर १०८.