खोपोलीच्या इमॅजिकात एक दिवस

प्रश्न : दहावीतील नातू, सात वर्षांची नात व आम्ही दोघे वृद्ध असे इमॅजिका उद्यान पाहू इच्छितो. क्रम कसा ठेवावा?
– एक वाचक, निमगाव सावा

उत्तर : नारायणगाव, चाकण, तळेगाव करीत बोरघाट उतरावयाचा असल्याने आदल्या रात्रीचा मुक्काम लोणावळ्यास करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, पहाटे निघून शिणलेली मुले दुपारी पाळणे सोडून सावलीच शोधतात.

2013 साली सुरू झालेल्या या उद्यानात नातवाने प्रथम ‘नायट्रो’ची रांग धरावी. पायांखाली तळ नसलेली, साखळीने सुमारे 40 मीटर उंचीवर ओढून नेलेली ती गाडी पुढे कोणत्याही यंत्राविना, केवळ उतरणीतून लाभलेल्या वेगाने, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावत बसणाऱ्यांना पाच वेळा उलटे करते. सबब रक्तदाब, हृदयविकार वा मणक्याची व्याधी असलेल्यांनी तिकडे फिरकू नये. मुलांची उंची प्रवेशद्वाराशीच मोजतात. तेथे लेकराच्या हट्टापुढे मुळीच नमू नये.

आपणा उभयतांसाठी ‘आय फॉर इंडिया’ : भव्य पडद्यासमोर अधांतरी आसनांवरून भारतभूमीचे जे विहंगम दर्शन घडते, ते मला तेथील सर्वांत उदात्त वाटते. नातीस ‘अलीबाबा’च्या गाडीत बसवावे, भीतिदायक ‘सलीमगड’ टाळावा.

‘राजासॉरस’च्या नौकेत अंग भिजते, म्हणून ती दुपारी घ्यावी, कोरडे कपडे जवळ ठेवावेत. हा प्राणी निव्वळ कल्पित नव्हे, गुजरातेत सापडलेल्या त्याच्या अस्थींवरून 2003 साली त्याचे नामकरण झाले, हे रांगेत उभ्या नातवंडांना अवश्य सांगावे.