मचाणावरून पाहण्याची विद्या

मचाण हा शब्द आपल्या जिल्ह्यांतील कोणत्याहि मुलास समजावून सांगावा लागत नाहीं. शेताच्या कडेस खांबांवर बांधलेलें मचाण त्यानें लहानपणापासून पाहिलेलें असतें. त्यावर बसून शेतकरी रानडुकरांपासून पीक राखतो. पूर्वी अशाच मचाणावर शिकारी बंदूक घेऊन बसत असे. आणि आज निरीक्षक वही, दुर्बीण व कॅमेरा घेऊन बसतो. बैठक एकच, परंतु हेतु निराळे. शेतकऱ्यास जनावर दूर जावयास हवें असतें, शिकाऱ्यास तें मरावयास हवें असतें, आणि निरीक्षकास तें जसें आहे तसेंच राहावयास हवें असतें. या तिसऱ्या हेतूनें बसण्याची विद्या कशी वाढली व तिचा आपणांस काय उपयोग, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय आपल्या दाराशींच आहे. १९९९ सालीं भंडारा जिल्ह्याचें विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निराळा झाला, तेव्हां नागझिरा व नवेगांव येथील रानें बहुतांशीं तिकडे गेलीं. परंतु वाघ जिल्ह्यांच्या सीमा मानीत नाहीं. नागझिरा हें १९७० सालीं अभयारण्य झालें. पुढें २०१३ च्या डिसेंबरांत नागझिरा, नवेगांव आणि भंडारा शहरानजीकचें कोका हीं रानें एकत्र धरून नवेगांव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. पवनीच्या बाजूस उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य नागपूर व भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेलें आहे. या भागांत वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली आणि ‘नागझिरा’ हें पुस्तक लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर, या दोघांनीं बंदुकीवांचून रान पाहण्याची गोडी मराठी वाचकांस लाविली.

रात्रीं हिंडणाऱ्या वाघाचें छायाचित्र घेणें एके काळीं अशक्यप्राय मानलें जाई. हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत नोकरीस असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या इंग्रज वनाधिकाऱ्यानें तें साध्य केलें. वाघाच्या वाटेवर तो एक बारीक तार आडवी बांधून ठेवी. वाघाचा पाय तारेस लागला कीं झगझगीत उजेड पडे, कॅमेऱ्याचा पडदा क्षणमात्र उघडे, आणि वाघानें आपलें चित्र आपणच काढलें असें होई. त्याचीं हीं चित्रें १९२५ सालीं लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकांत प्रसिद्ध झालीं, व १९२७ सालीं त्याचें पुस्तक निघालें. ज्या काळांत वाघाच्या कातड्यावर पाय ठेवून फोटो काढविण्यांत भूषण वाटे, त्या काळांत या गृहस्थानें वाघ जिवंत ठेवून त्याचें चित्र घरीं नेलें. भारतांत वाघाच्या शिकारीस कायद्यानें पूर्ण बंदी १९७२ सालीं झाली.

आतां मचाणावर बसण्याच्या रीतीकडे वळूं. आपल्या रानांत यासाठीं वैशाखी पौर्णिमेची रात्र निवडतात. त्याचीं कारणें दोन. उन्हाळ्यांत नाले आटून पाणवठे थोडे उरतात, म्हणून तहानेलेलीं जनावरें ठराविक ठिकाणीं येतात. आणि चांदणें रात्रभर असतें. वनविभाग त्या रात्रीं कांहीं नागरिकांस वनकर्मचाऱ्यांसह मचाणावर बसूं देतो. दिवस असतांनाच वर चढावें लागतें. अंगांतील कपडे मातकट किंवा पानांच्या रंगाचे असावेत; अत्तर, विडी, खमंग फराळ, बॅटरीचा झोत हीं सारीं वर्ज्य. कोणी म्हणेल, वाघ शिकारींत वासापेक्षां डोळे व कान यांवर अधिक विसंबतो, मग अत्तराची भीति कां? याचें उत्तर असें कीं, चितळ व सांबर यांचें नाक तीक्ष्ण असतें. त्यांना माणसाचा वास आला तर तीं ओरडून सारें रान सावध करितात, आणि पाण्यावर कोणीच येत नाहीं. रानांत एकाची चूक सर्वांस भोंवते.

उलट, हींच जनावरें निरीक्षकाचीं मित्रहि होतात. वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखा आवाज काढूं लागलें, चितळानें तीक्ष्ण शीळ घातली, किंवा सांबरानें भोंग्यासारखा आवाज दिला, म्हणजे वाघ अथवा बिबट्या जवळपास आहे असें समजावें. तो दिसेलच असें मात्र नाहीं. पुष्कळदां उजाडेपर्यंत मोर, अस्वल आणि रानडुकरें एवढींच वहींत नोंदलीं जातात. ज्यास अशी रात्र फुकट गेली असें वाटतें, त्यानें मचाणावर न चढलेलें बरें.

परंतु मचाणावरील गणनेस एक मोठी मर्यादा आहे. एका पाणवठ्यावर दिसलेला वाघ पहाटे दुसऱ्या पाणवठ्यावर गेला तर तो दोनदां मोजला जातो, आणि जो त्या रात्रीं पाण्यावर आलाच नाहीं तो मुळींच मोजला जात नाहीं. पावलांच्या ठशांवरून मोजण्याच्या जुन्या पद्धतींतहि असाच घोटाळा होई. म्हणून आतां चॅम्पियनच्या तारेचीच सुधारलेली आवृत्ति वापरतात. वाटेच्या दोन्ही बाजूंस, गुडघाभर उंचीवर, एकेक स्वयंचलित कॅमेरा झाडास बांधतात. उष्ण शरीर समोरून हललें कीं तो आपोआप चित्र घेतो. कॅमेरे दोन कां? वाघाच्या उजव्या व डाव्या अंगावरील पट्टे सारखे नसतात म्हणून. शिवाय एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशीं कधीं जुळत नाहींत. माणसाच्या अंगठ्याचा ठसा तसे हे पट्टे होत.

जे वाघ कॅमेऱ्यांत आलेच नाहींत त्यांची संख्या कशी काढतात, हें समजण्यास आपल्या तलावांच्या जिल्ह्याचाच दाखला घेऊं. समजा, एका तलावांतून ४० मासे धरले व प्रत्येकास खूण करून परत सोडले. कांहीं दिवसांनीं पुन्हां ४० धरले, त्यांत खुणेचे १० निघाले. म्हणजे धरलेल्यांपैकीं चौथा हिस्सा खुणेचा आहे. मग साऱ्या तलावांतहि चौथा हिस्साच खुणेचा असावा, अर्थात् एकंदर मासे सुमारें १६० असावेत. वाघास खूण करण्याचीहि गरज नाहीं. निसर्गानेंच ती करून ठेविली आहे. प्रत्यक्ष गणित याहून सूक्ष्म असतें, पण तत्त्व हेंच. २०१८-१९ च्या भारतीय व्याघ्रगणनेंत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लाविले होते. त्यांत ३,४८,५८,६२३ छायाचित्रें मिळालीं, व त्यांपैकीं वाघांचीं अवघीं ७६,६५१ होतीं. म्हणजे सुमारें साडेचारशें चित्रांमागें एक. तेवढ्यांतून २,४६१ निरनिराळे वाघ ओळखले गेले, आणि एकंदर संख्येचा अंदाज २,९६७ निघाला.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न गांवकऱ्यानें विचारल्यास त्यास उत्तर देणें आपलें कर्तव्य आहे. कारण वाघाशेजारीं तो राहतो, पाहुणे नव्हेत. २०२२ सालीं ऑक्टोबर महिन्यांत गडचिरोलीकडील वडसा येथील रानांत एक वाघ बेशुद्ध करून पकडण्यांत आला. वनविभाग त्यास सी. टी. १ म्हणत असे. त्यानें १३ माणसांचा बळी घेतला होता: वडसा भागांत ६, आपल्या भंडारा जिल्ह्यांत ४ व ब्रह्मपुरीकडे ३. त्यास नागपूरच्या गोरेवाडा येथें ठेवण्यांत आलें. अशा प्रसंगीं गांवाचा संताप अनावर होतो आणि तो स्वाभाविक आहे. परंतु त्याच रानांत दुसरेहि वाघ असतात. भलताच वाघ धरला तर निरपराध जनावर बंदींत पडतें, आणि अपराधी मोकळा राहून आणखी एखाद्या घरचा कर्ता माणूस नेतो. पट्ट्यांची पटलेली ओळख ही येथें माणूस व वाघ या दोघांनाहि न्याय देते.

याच विद्येनें दुसरीहि गोष्ट कळते. नागझिऱ्यांतून उमरेड-कऱ्हांडल्यास गेलेला ‘जय’ नांवाचा प्रचंड वाघ लोकांच्या मोठ्या आवडीचा होता. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोणास दिसला नाहीं, आणि गळ्यांतील यंत्राचाहि संदेश थांबला. दिसणें जशी नोंद, तशी न दिसणें हीहि नोंदच होय. तिच्यामुळेंच शोध सुरू होतो. पुढें २०२३ च्या मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यांतून दोन वाघिणी आणून नागझिऱ्याच्या रानांत सोडण्यांत आल्या. त्यांचें पाऊल कोठें पडतें तें पाहण्याचें काम याच विद्येचें आहे.

मात्र कॅमेऱ्यांत सांठविलेलें ज्ञान कचेरींतच राहिलें तर त्याचा उपयोग अर्धाच. चैत्रांत पहाटे मोहाचीं फुलें वेंचावयास बाया रानांत जातात, पुढें तेंदूपानांचा हंगाम येतो. खालीं वाकलेलें माणूस वाघाच्या नजरेस माणसासारखें भासत नाहीं, असें जाणकार सांगतात. आदल्या रात्रीं वाघ कोणत्या वाटेनें गेला, ही वार्ता त्या बायांस पहाटेपूर्वीं मिळाली, तर कॅमेऱ्याचें मोल एका जिवाएवढें झालें. वाचतां येणारा मुलगा ज्या घरीं आहे, तेथें ही वार्ता पोंचविण्याचें काम त्याचें आहे.

विद्यार्थ्यांनीं परवानगीवांचून रानांत पाऊल टाकूं नये, हें सांगणें नकोच. परंतु या विद्येचा पहिला धडा गांवच्या तलावाच्या पाळीवरहि गिरवितां येतो. सूर्यास्तापूर्वीं एक तास वाऱ्याच्या खालच्या अंगास, न बोलतां, न हलतां बसावें. कोण पाण्यावर आलें, कोणत्या वेळीं, किती व कोणत्या दिशेनें, हें लिहावें. सहा बगळे दिसले तर सहाच लिहावेत. सातव्याचा नुसता भास झाला असेल तर तसें लिहावें. असे तीस दिवस ज्यानें केलें, त्याची वही आम्ही आनंदानें वाचूं.