मुतखड्याचं ऑपरेशन : नळी निघेपर्यंतचा खर्च

माझ्या मेहुण्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन ५५ हजारांत ठरलं होतं. हातात बिल पडलं ८१ हजारांचं. लेझरचे १२ वेगळे, भूलतज्ज्ञांचे ५ वेगळे, आणि ‘कन्झ्युमेबल्स’ या एका शब्दाखाली ९ हजार. त्याहून जास्त संताप आला तो नंतर, डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ वाचून : ‘डीजे स्टेंट इन सीटू’. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत घातलेली बारीक नळी अजून आतच आहे, असा त्याचा अर्थ. ती काढायला पुन्हा यायचं आणि पुन्हा पैसे भरायचे, हे त्याला कुणी बसून सांगितलंच नव्हतं. खडा निघाला, विषय संपला, असं तो समजला. सात महिन्यांनी लघवीतून रक्त यायला लागलं तेव्हा सोनोग्राफीत दिसलं, की नळीवरच खडे जमलेत. ती सोडवायचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा महाग पडलं.

म्हणून भाव विचारताना एकच प्रश्न विचारा : “खडा आणि नळी दोन्ही बाहेर येईपर्यंत एकूण किती?” उत्तर कागदावर लिहून मागा. लेझर, भूल, नळी, औषधं, नळी काढणं आणि खडा राहिलाच तर दुसऱ्या बैठकीचे किती, हे सगळं त्यात यायला हवं.

त्याआधी ऑपरेशनच लागतंय का ते पाहा. ५ मिलिमीटरच्या आतले बरेचसे खडे आपोआप पडतात. डॉक्टर गोळ्या देऊन काही आठवडे वाट पाहायला सांगत असतील, तर ते टाळाटाळ करत नाहीत. मात्र कळ येतेय आणि सोबत थंडी वाजून ताप आहे, तर घरी थांबू नका. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की जीवावर बेतू शकतं. अशा वेळी आधी नळी टाकून वाट मोकळी करतात आणि खड्याचं नंतर पाहतात. म्हणजे खर्च दोन टप्प्यांत येतो, पण तो खरोखर गरजेचा असतो.

आता आकडे. मोठ्या शहरांतल्या मध्यम खासगी रुग्णालयांत मी पाहिलेले आहेत, थोडं मागेपुढे धरा. साध्या सीटी स्कॅनला ३ ते ६ हजार. मूत्रवाहिनीतला खडा लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून काढायला, म्हणजे यूआरएसला, ४० ते ९० हजार. पाठीतून छिद्र करून मोठा खडा काढायच्या पीसीएनएलला ६० हजार ते दीड लाख. लवचीक दुर्बीण आणि लेझरच्या आरआयआरएसला ८० हजार ते २ लाख, कारण ती दुर्बीण नाजूक आणि महाग असते, काही ठिकाणी एकदाच वापरून टाकून देतात.

‘कापाकापी नाही’ हे ऐकून लोक आरआयआरएसकडे धावतात. लहान खड्याला ते उत्तम आहे. पण मूत्रपिंडातला खडा २ सेंटिमीटरहून मोठा असेल तर सहसा पीसीएनएलच पहिली निवड असते. एवढा खडा लेझरने फोडायचा तर अनेकदा दोन बैठका लागतात, आणि बिलंही दोन होतात. डॉक्टरांना थेट विचारा : माझ्या खड्याएवढा खडा तुमच्याकडे एका बैठकीत पूर्ण निघतो का? बाहेरून धक्के देऊन खडा फोडायचा असेल तर सीटीवरचा कठीणपणाचा आकडा विचारून घ्या. तो १,००० च्या पुढे असला तर खडा फुटायची शक्यता कमी असते. आणि ऑपरेशनआधी लघवीचं कल्चर झालंच पाहिजे. ही काही शे रुपयांची तपासणी वगळली तर पुढे आयसीयूचं बिल भरावं लागू शकतं.

एवढे पैसे नसतील तर कर्ज काढायच्या आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाहा. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार रोख न भरता होतात, आणि मुतखड्याची ऑपरेशन्स त्यात आहेत. योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, बिलिंगला नंतर. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. आधी पैसे भरू आणि मग परत मिळवू, हा हिशोब तिथे चालत नाही. चौकशीसाठी १५५३८८ वर फोन करा.

दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा विभागात जा. चकचकीत लॉबी पाहून मागे फिरू नका, ती रुग्णालयंही यात येतात. शिवाय मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे ही सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं आहेतच. तिथे तारीख उशिरा मिळते, पण हात सरावलेले असतात.

विमा असेल तर मुतखड्याला बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं. खोलीभाड्याची मर्यादाही वाचा. मर्यादा ३ हजार आणि खोली ६ हजारांची घेतलीत, तर पुष्कळ कंपन्या सर्जनच्या फीमध्येही निम्मी कपात करतात.

घरी निघताना कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या : नळी आहे की नाही, ती कोणत्या तारखेला काढायची, आणि किती रुपये लागतील. नळी सहसा काही आठवड्यांतच निघते, तीन महिन्यांच्या पुढे ठेवणं धोक्याचं. निघालेल्या खड्याचा तुकडा डबीत मागून घ्या आणि तपासायला पाठवा. कशाचा खडा होता ते कळलं की पथ्य नेमकं सांगता येतं. मेहुण्याच्या फ्रिजवर आता नळी काढल्याच्या तारखेचा कागद आहे, आणि त्याखाली रोजच्या पाण्याच्या बाटल्यांच्या रेघा.