कुत्रा चावला तर...

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतात. ते रक्तातून नव्हे, तर मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चावा डोक्याजवळ, तोंडावर असेल तर त्याहून कमी. हा मधला काळ हीच आपली संधी. पाणी पाहताच घसा आवळू लागला, की मग रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या जखमांवर अजूनही तिखट, चुना, हळद लावलेली असते. कृपया हे करू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवा. या विषाणूचे आवरण स्निग्ध असते, ते साबणाने फुटते. लगेच सरकारी दवाखाना गाठा. पोटातली ती १४ इंजेक्शने (त्यांची धास्ती मात्र टिकून आहे!) २००५ च्या सुमारास बंद झाली. आता लस दंडात, ठरलेल्या दिवशी चार-पाच वेळा देतात. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही टोचावे लागते. त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवावी हे खरे, पण तोवर लस थांबवू नये. कुत्रा धडधाकट राहिलाच, तर पुढचे डोस घ्यायचे की नाही ते डॉक्टर सांगतील.